मस्कतचे न वाचलेले पत्र

मत्राहच्या किनारी रस्त्यावरील एखाद्या बाकावर संध्याकाळी बसले की समोर बंदरात लाकडी गलबते आणि पर्यटकांची अजस्र जहाजे शेजारी शेजारी उभी दिसतात. पाठीमागे उघड्या, तपकिरी डोंगरांची रांग असते आणि तिच्या पायथ्याशी जुन्या व्यापाऱ्यांची पांढरी घरे. गेल्या हिवाळ्यात पुतण्याकडे तीन आठवडे मुक्काम होता, तेव्हा मी रोज तेथे जाऊन बसत असे. जवळच्या टपरीवर दूध आणि वेलदोडा घालून उकळलेला दाट चहा मिळतो. त्याला तेथे ‘करक’ म्हणतात. आपल्या ‘कडक’ शब्दाचेच ते रूप आहे. चहाचे मोल मोजायचे ते बैसांत. हजार बैसांचा एक ओमानी रियाल होतो, आणि बैसा म्हणजे आपला पैसा. अरबी लिपीत ‘प’ नाही, म्हणून पैशाचा बैसा झाला आणि आपल्या पंख्याचा ‘बंका’ झाला. सरळ जा असे सांगायचे असेल तर ओमानी टॅक्सीचालकही ‘सीदा’ म्हणतो.

एका अरब राजधानीच्या दैनंदिन बोलण्यात, चहात आणि नाण्यांत भारत इतका मुरलेला आहे. भारतात मात्र मस्कतविषयी विचारले, तर बहुतेकांना तीन गोष्टी आठवतात : तेल, नोकरी आणि घरी येणारा पैसा. डिसेंबर २०२५ मध्ये मस्कत येथेच भारत आणि ओमान यांच्यात सर्वंकष आर्थिक भागीदारीचा करार झाला. त्या निमित्ताने शुल्क, निर्यात आणि गुंतवणूक यांवर बरेच लिहिले गेले. ज्या शहरात तो करार झाला, त्या शहराची आणि आपली ओळख किती जुनी आहे, आणि ती किती एकतर्फी आहे, याविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही. आज त्याविषयी लिहावयाचे आहे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला मस्कत हे अरबस्तानातील शहर म्हणून जितके भेटते, तितकेच ते हिंदी महासागरातील बंदर म्हणून भेटते. १५०७ मध्ये अल्बुकर्कने ते जिंकले आणि १६५० मध्ये इमाम सुलतान बिन सैफ याने पोर्तुगीजांना तेथून हाकलले. जलाली आणि मिरानी हे दोन किल्ले आजही जुन्या मस्कतच्या खाडीवर पहारा देत उभे आहेत. या विजयाविषयी ओमानी बखरीत एक कथा आहे. किल्ल्याला रसद पुरवणाऱ्या नरोत्तम नावाच्या हिंदू व्यापाऱ्याच्या मुलीशी पोर्तुगीज अधिकाऱ्याला बळेच लग्न करावयाचे होते. नरोत्तमाने लग्नाच्या तयारीसाठी मुदत मागितली आणि धान्य व दारूगोळा बदलण्याच्या मिषाने किल्ला आतून रिता करून इमामाला खबर दिली. कथेत इतिहास किती आणि रंजन किती, हे ठरवणे कठीण आहे. पण आपल्या मुक्तीच्या आख्यानात ओमानी बखरकाराने एका हिंदू व्यापाऱ्याला मानाचे स्थान दिले, एवढे तर खरेच.

पुढे कच्छमधील मांडवीचे भाटिया व्यापारी मस्कतमध्ये स्थिरावले. एकोणिसाव्या शतकात तेथील जकातीचा मक्ता भारतीय पेढ्यांकडे असे. मत्राहमध्ये तटबंदीच्या आत राहणारा लवातिया समाज मूळचा सिंध-कच्छकडचा. ओमानी नागरिक असलेले हे लोक घरात आजही अरबीहून वेगळी, सिंधीशी नाते सांगणारी बोली बोलतात. १८४० मध्ये सुलतानाचा दूत घेऊन न्यूयॉर्कला गेलेले ‘सुलताना’ हे जहाज मुंबईत बांधलेले होते. सुलतानाच्या दोन मुलांमधील वारशाचा तंटा १८६१ मध्ये सोडवला तो भारताचा गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग याने, आणि त्या निवाड्याने झांझिबार मस्कतपासून वेगळे झाले. १८६४ मध्ये मस्कतला टपाल कचेरी उघडली ती भारतीय टपाल खात्याची. सुलतान तैमूर याने १९३२ मध्ये गादी सोडली आणि १९६५ मध्ये त्याचे निधन झाले ते मुंबईत. त्याचा मुलगा सईद याचे शिक्षण अजमेरच्या मेयो कॉलेजात झाले होते. भारताने १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन केल्यावर आखातातील इतर राज्यांनी भारतीय रुपया सोडला, पण ओमानमध्ये तो १९७० पर्यंत चालू राहिला.

१९७० हे साल मस्कतच्या जीवनातील मोठा विभाजक आहे. त्यापूर्वी जुन्या शहराच्या वेशी रात्री बंद होत आणि त्यानंतर बाहेर पडणाऱ्याला हाती कंदील धरावा लागे. साऱ्या देशात डांबरी रस्ता जेमतेम दहा किलोमीटर होता आणि शाळा तीन होत्या. जुलै १९७० मध्ये सुलतान काबूस यांनी वडिलांना पदच्युत करून सत्ता घेतली. जानेवारी २०२० मध्ये त्यांचे निधन झाले, तोपर्यंत डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत पूर्वेच्या जुन्या मस्कतपासून पश्चिमेच्या सीबपर्यंत एक लांबलचक आधुनिक राजधानी उभी राहिली होती.

ही राजधानी शेजारच्या दुबईपेक्षा वेगळी आहे आणि ते वेगळेपण ठरवून जपलेले आहे. इमारतींच्या उंचीवर आणि रंगांवर नियमांचे बंधन आहे. पांढरा किंवा मातकट रंग, कमानी, छोटे घुमट, जाळीच्या खिडक्या. गगनचुंबी मनोऱ्यांची चढाओढ येथे दिसत नाही. २००१ मध्ये खुली झालेली सुलतान काबूस भव्य मशीद शहराच्या नजरेत भरते. तिच्यासाठी सुमारे तीन लाख टन वालुकाश्म भारतातून नेला गेला आणि आतला अखंड गालिचा इराणी स्त्रियांनी विणला. २०११ मध्ये येथे शाही संगीतिकागृह सुरू झाले आणि २०१६ मध्ये राष्ट्रीय संग्रहालय. ओमानमध्ये इबादी पंथाची परंपरा प्रबळ आहे. हा पंथ सुन्नी आणि शिया या दोन्हींपेक्षा निराळा. कर्मठ असूनही दुसऱ्याच्या उपासनेत ढवळाढवळ न करण्याची त्याची रीत आहे. जुन्या मस्कतमध्ये राजवाड्याच्या परिसरातच मोतीश्वर महादेवाचे मंदिर आहे आणि तेथे शिवरात्रीला मोठी गर्दी लोटते.

शहराचा दिवस पहाटेच्या अजानीने सुरू होतो. उन्हाळ्यात दुपारी रस्ते ओस पडतात. जून ते ऑगस्टमध्ये भर दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करवून घेण्यास कायद्याने बंदी आहे. संध्याकाळी शहर पुन्हा जागे होते. पुरुषांच्या अंगात पायघोळ दिशदाशा असतो. त्याच्या गळ्याशी लोंबणारा छोटा गोंडा अत्तरात बुडवण्याची पद्धत आहे. डोक्यावर बारीक छिद्रांच्या भरतकामाची कुम्मा टोपी असते आणि समारंभाला मस्सर हा फेटा. चांगला मस्सर काश्मिरी लोकरीचा असतो, हे तेथील दुकानदार अभिमानाने सांगतो. घरी पाहुणा आला की धोफारचा लोबान निखाऱ्यावर टाकतात, खजूर पुढे ठेवतात आणि वेलदोड्याची काळी कॉफी लहान कपात ओततात. पुरे झाले असेल तर कप हातात किंचित हलवायचा. तोंडाने नको म्हणावे लागत नाही. केशर आणि गुलाबपाणी घातलेला चिकट ओमानी हलवा सणाला आणि लग्नाला हवाच. तरुण मात्र रात्री गाडी टपरीसमोर उभी करून पराठ्यात चीज आणि बटाट्याचे वेफर घातलेली गुंडाळी खातात आणि वर करक पितात. पराठा आपला, चीज युरोपचे, वेफर ओमानचे. राजधानीची आधुनिकता कधी कधी संग्रहालयापेक्षा अशा टपरीवर अधिक नेमकी भेटते.

पण या शहराचा खरा परिचय शुक्रवारी होतो. शुक्रवार आणि शनिवार हे तेथील सुटीचे दिवस. दुपारच्या नमाजानंतर ओमानी कुटुंबे मोठ्या थाळ्याभोवती एकत्र जेवतात आणि अनेक जण डोंगरापलीकडच्या आपल्या मूळ गावी गेलेले असतात. त्याच संध्याकाळी रुवी हा व्यापारी भाग वेगळ्याच माणसांनी फुलून जातो. केरळ, तेलंगण, उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, त्याचप्रमाणे बांगलादेश आणि पाकिस्तान येथून आलेले कामगार इस्त्रीचे कपडे घालून पदपथांवर उभे असतात. पैसे पाठवण्याच्या कचेऱ्यांसमोर रांगा लागतात. कोणी फोनवर मुलीची शाळेची गोष्ट ऐकत असतो, कोणी गावाकडे चाललेल्याच्या हाती पुडके देत असतो. आठवड्यातील सहा दिवस ज्यांच्या हातांनी हे शहर बांधले जाते, झाडले जाते आणि जेवू घातले जाते, त्यांच्या मालकीची अशी ही एकच संध्याकाळ असते. ओमानमध्ये साडेसहा-सात लाख भारतीय आहेत. त्यांतील काही डॉक्टर, अभियंते आणि पिढीजात व्यापारी आहेत, पण मोठी संख्या या पदपथावरच्या माणसांचीच आहे.

रुवीच्या त्या गर्दीत उभा असताना मला एक जुने पत्र आठवले.

नव्वदच्या दशकाच्या आरंभी मी तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील, आता तेलंगणात असलेल्या एका जिल्ह्यात कनिष्ठ अधिकारी होतो. त्या जिल्ह्यातून हजारो माणसे आखातात गेली होती. एके दिवशी एक तरुण स्त्री सासऱ्यांना घेऊन कचेरीत आली. तिचा नवरा मस्कतजवळ एका बांधकामावर मृत्यू पावला होता. मृतदेह आला, दफनही झाले होते. नंतर टपालाने एक कागद आला. तो अरबीत होता, त्यावर दोन शिक्के होते आणि खाली सही. गावातील कोणाला तो वाचता येईना, म्हणून ती सरकारकडे आली होती.

सरकारलाही तो वाचता आला नाही. जिल्ह्याच्या ठिकाणच्या साऱ्या कचेऱ्यांत अरबी जाणणारा एकही कर्मचारी नव्हता. आम्ही मशिदीतील मौलवींना विनंती केली. ते सद्गृहस्थ अक्षरे वाचून दाखवू शकले, पण धर्मग्रंथाच्या अरबीतून कार्यालयीन कागदाचा अर्थ त्यांना लागेना आणि त्यांनी तसे प्रांजळपणे सांगितले. कागद राजधानीला पाठवला. तो तेथून आणखी कोठेतरी गेला. अखेर काही आठवड्यांनी आखातातून परतलेल्या एका वृद्ध कारकुनाने त्याची नक्कल वाचून सांगितली. मृताची थकलेली रक्कम अमुक कार्यालयात जमा आहे, वारसाने ठरावीक मुदतीत मुखत्यारपत्र पाठवून ती न्यावी, असा मजकूर होता. ती मुदत उलटून गेली होती. पुढे मी बराच पत्रव्यवहार केला. माझी बदली झाली, तोपर्यंत पैसे आलेले नव्हते. नंतर आले की नाही, याची मी चौकशी केली नाही. तीन दशकांच्या नोकरीत हातून राहून गेलेल्या कामांची यादी केली, तर हे काम त्यात वरच्या बाजूला असेल.

त्या प्रसंगात मस्कतच्या बाजूने कोणी दुष्टपणा केला होता, असे मला म्हणता येत नाही. तेथील कार्यालयाने आपल्या भाषेत आपले कर्तव्य केले होते. उणीव होती ती आपल्याकडे. साडेतीनशे वर्षांच्या ओळखीनंतर, आणि दर महिन्याला हजारो माणसे त्या किनाऱ्यावर पाठवत असूनही, भारताच्या एका जिल्ह्याला त्या शहराचे एक साधे पत्र वाचता आले नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की मस्कतमध्ये अरबीवाचून कोणाचे अडत नाही, बाजारात हिंदी आणि मल्याळम खुशाल चालते. ते खरे आहे. माझा टॅक्सीचालक ओमानी होता, कारण टॅक्सी चालवण्याचा व्यवसाय तेथे नागरिकांसाठी राखीव आहे, आणि तो माझ्याशी सफाईदार हिंदीत बोलला. पण भाजी घेण्याची भाषा आणि हक्क मागण्याची भाषा निराळ्या असतात. नोकरीचा करार अरबीत असावा लागतो. मजूर कार्यालय, पोलीस ठाणे आणि न्यायालय यांचे कामकाज अरबीत चालते. म्हणजे सारे सुरळीत असते तोवर कामगाराला अरबी लागत नाही. ज्या दिवशी वेतन थकते, अपघात होतो किंवा मालकाशी वाद होतो, त्या दिवशी तो एकाएकी मुका होतो.

दुसरा आक्षेप असा की आता फोनमध्येच भाषांतर होते, १९९२ ची अडचण आज कशाला उगाळायची? फोन शब्दांचा अर्थ सांगेल. मुदत किती दिवसांची, मुखत्यारपत्र कोणत्या नमुन्यात हवे, ते कोणाकडून साक्षांकित करून घ्यायचे, आणि उत्तर आले नाही तर कोणाचे दार ठोठवायचे, हे सांगणारा माणूस लागतो. तो माणूस विधवेच्या तालुक्यापासून बसने जाता येईल इतक्या अंतरावर असावा लागतो.

आणि आता तो पूर्वीपेक्षा अधिक लागेल, कारण मस्कत बदलत आहे. ओमानी तरुणांची मोठी पिढी नोकऱ्या शोधत आहे. २०११ मध्ये सोहार येथे झालेल्या निदर्शनांतून ही अस्वस्थता जगासमोर आली. अनेक व्यवसाय नागरिकांसाठी राखून ठेवले जात आहेत. दुकानांच्या गल्ल्यावर आणि बँकांच्या खिडक्यांवर आज ओमानी तरुण-तरुणी दिसतात. आपल्याच देशात आपल्याला काम मिळावे, ही त्यांची अपेक्षा न्याय्य आहे आणि आपण तिच्याकडे रोषाने पाहू नये. दुसरीकडे कामगारांसाठी काही दरवाजे उघडलेही आहेत. जानेवारी २०२१ पासून करार संपल्यावर जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राविना नवी नोकरी धरता येते. नियम असे पालटत असताना ज्याला ते वाचता येतात त्याचा लाभ होतो, आणि ज्याला येत नाहीत त्याला दलाल सांगेल तेच खरे मानावे लागते.

आपल्याकडचा मूळ कायदा आजही १९८३ चा आहे. त्यानंतर संगणकीय नोंदणी आली, विमा आला, तक्रारींसाठी संकेतस्थळ आले. या सुधारणांचे श्रेय दिलेच पाहिजे. पण परदेशी निघालेल्या कामगाराला मिळणारे प्रस्थानपूर्व प्रशिक्षण अवघ्या एका दिवसाचे असते. केरळने १९९६ मध्येच अनिवासी केरळी जनांसाठी स्वतंत्र खाते निर्माण केले आणि तेथील स्थलांतरिताला दाद मागण्याची एक जागा मिळाली. आता अल्पशिक्षित कामगारांचा मोठा ओघ उत्तर प्रदेश आणि बिहारमधून जातो. तेथील खेड्यातल्या माणसाला अशी जागा कोठे आहे?

माझी मागणी फार खर्चाची नाही. ज्या जिल्ह्यांतून मोठ्या संख्येने लोक आखातात जातात, तेथे जिल्हाधिकारी कचेरीत कार्यालयीन अरबी जाणणारा एक तरी प्रशिक्षित कर्मचारी असावा. कामगाराचा करार निघण्यापूर्वी त्याला त्याच्या मातृभाषेत वाचून दाखवावा आणि त्याची प्रत त्याच कचेरीत राहावी, म्हणजे संकटकाळी घरच्यांना ती दलालाकडे मागावी लागणार नाही. आपल्या विद्यापीठांतील अरबी विभागांनी अभिजात वाङ्मयाबरोबर आजच्या कचेरीची आणि न्यायालयाची अरबी शिकवावी. त्यातून अनेक तरुणांना सन्मानाचे कामही मिळेल.

इतिहासाच्या अंगाने आणखी एक. मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात मस्कत आणि इराणी आखाताविषयीचा मुंबई सरकारचा जुना पत्रव्यवहार आहे, कारण त्या काळी मस्कतचे राजकारण मुंबईहून पाहिले जाई. साम्राज्याच्या हितासाठी का होईना, त्या काळच्या कारभाऱ्यांनी मस्कतचे प्रत्येक पत्र वाचले, त्याची नोंद केली आणि उत्तर पाठवले. स्वतंत्र देशाने आपल्या नागरिकांच्या हितासाठी तेवढी दक्षता दाखवणे अशक्य नसावे.

सुलतान काबूस यांना भारताने २०१९ चा गांधी शांतता पुरस्कार मरणोत्तर दिला आणि तो उचित होता. मैत्रीचा गौरव असाच व्हावा. परंतु राष्ट्रांची मैत्री राजवाड्यात जाहीर होते आणि पदपथावर पारखली जाते. निघण्याच्या आदल्या शुक्रवारी रुवीत एका रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या तरुणाने खिशातून घडी घातलेला अरबी कागद काढला आणि माझे पिकलेले केस पाहून विचारले, “चाचाजी, आपको पढ़ना आता है क्या?” मला येत नव्हते. मी पुतण्याच्या ओमानी सहकाऱ्याला फोन लावला. त्याने कागदाचे छायाचित्र पाहून दहा मिनिटांत अर्थ सांगितला. आरोग्य तपासणीची साधी सूचना होती. तरुण हसला आणि रांगेत परतला.

तेवढ्या दहा मिनिटांच्या कामासाठी एका स्त्रीला मी एकदा कित्येक आठवडे वाट पाहायला लावली होती.